आठवड्याची बैठक



सेवा करायची तर दर आठवड्याला सभा कशाला, असे पुष्कळजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तीन सोबती प्रथम जमले ते स्नेहासाठी. आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बसत, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडले. सेवा मागाहून आली.

आपले देहूरोडच घ्या. दारूगोळ्याच्या डेपोपायी प्रांतोप्रांतीची माणसे इथे आली. १९५८ साली छावणी झाली. पण शेजार काही हुकमाने होत नाही. डॉक्टर, दुकानदार, मास्तर एका पंक्तीला बसले, म्हणजेच एकाची अडचण दुसऱ्याला कळते. रोटरीने १९८५ साली पोलिओनिर्मूलनाचा विडा उचलला. २०१४ साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. श्रेय सरकारचे आणि घरोघर डोस पाजणाऱ्यांचेही. परंतु माणसे जमवण्याची सवय अशा बैठकांतूनच लागते.

२०१६ पासून महिन्याला दोनच बैठका घेण्याची मुभा क्लबांना आहे. ती जरूर घ्यावी. मात्र उठण्यापूर्वी एकाने तरी एखादे काम आपल्या नावावर लिहून घ्यावे. तसे झाले तर ती सभा. नाहीतर नुसता फराळ!