माफी मागायची ती चारचौघींत

आज नम्रतेविषयी बोलायचं आहे. आम्ही काही मोठ्या जाणत्या नाही. आमच्या हातून एक चूक घडली, तीच सांगतो.

बचत गटाची वही आम्ही दोघी लिहितो. मागच्या उन्हाळ्यात एका बहिणीचा 200 रुपयांचा हप्ता वहीत दिसेना. ती म्हणाली, "मी भरलाय." आम्ही सगळ्यांसमोर म्हणालो, "मग वही खोटं बोलते का?" ती काही न बोलता उठून गेली. आठ दिवसांनी पाहतो तर तिचे पैसे शेजारच्या नावापुढे मांडलेले. अक्षर आमचंच!

पहिला विचार आला, गुपचूप खोडून नीट लिहावं. रविवारी उपासनेत मत्तयाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय वाचला गेला. येशू म्हणतो, वेदीपाशी दान आणलंस आणि कोणाचं मन तुझ्यामुळे दुखावलंय हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. दान आमच्या पदरातच होतं. मान वर करवेना.

पुढच्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "चूक आमची. ही बहीण खरी होती." आरोप चारचौघींत केला, मग माफी एकटीला गाठून कशी चालेल? तरी ती हसली नाही. म्हणाली, "त्या दिवशी माझं पोरगं दारात उभं होतं." मग आम्ही तिच्या घरी गेलो आणि त्या पोरालाही सांगितलं, "तुझी आई खरी होती." तेव्हा कुठं तिनं चहा टाकला.

बायांनो, नम्रता म्हणजे खाली मान घालून सोसणं नव्हे. नवऱ्याचा मार खाऊन गप्प बसणं ही नम्रता नाही. त्याविरुद्ध मदत मागावी, तक्रार करावी. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, ते गुरु असून. ज्याच्या हाती मान आहे, त्यानं आधी वाकायचं. घरात सासूनं, गटात अध्यक्षबाईनं, मंडळीत पुढं बसणाऱ्यांनी.

आपल्या पंडिता रमाबाईंचंच पाहा. 1878 मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. त्याच बाईनं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार बायामुलींत आयुष्य घातलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत बायबल आणलं. आणि 1882 मध्ये सरकारच्या हंटर आयोगापुढे बायकांसाठी शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हव्यात, असं ठामपणे सांगितलंही. वाकायचं कुठं आणि ताठ उभं राहायचं कुठं, हे त्यांना कळत होतं.

आता आमच्या गटात प्रत्येक हप्ता मोठ्यानं वाचून लिहितो, आणि जिचा हप्ता तिची सही तिथल्या तिथं घेतो. सतरंजी घालायची पाळी आम्हा दोघींवरही येते. तुम्हीही या आठवड्यात एवढंच करून पाहा: आपल्या बोलण्यानं कोण दुखावलं ते आठवा, आणि जिथं बोललात तिथंच जाऊन माफी मागा. जीभ जड होते, पण नंतर झोप चांगली लागते.