टेपचे पैसे आणि आपला आवाज



सॅन पीड्रो हे लॉस एंजेलिसचं बंदर. कागदावर बघून आपण पेद्रो म्हणू, तिथली माणसं पीड्रोच म्हणतात. मी मॅट्रिक, गोदीत माल उपसणारा, बंदराचं नाव दिसलं की डोळा थांबतो. तिथल्या कामगार घरांतल्या तीन पोरांचा रॉक बँड होता, मिनटमेन. डी. बून गिटारवर, माइक वॉट बेसवर, जॉर्ज हर्ली ड्रमवर.

१९८० साली त्यांची पहिली तबकडी आली. सात गाणी, सगळी मिळून सात मिनिटंसुद्धा भरत नाहीत. काढली कुणी? ब्लॅक फ्लॅग बँडच्या ग्रेग गिनच्या एसएसटीनं. हा गिन आधी टपालानं रेडिओचं सामान विकायचा, त्याच धंद्याचं नाव कंपनीला लावलं. बड्या कंपनीच्या दारात कुणी ताटकळत बसलं नाही.

आता नीट ऐका, आपली पोरं इथंच गाळात जातात. स्टुडिओचं भाडं तासावर. मध्यरात्रीनंतर ते उतरतं, तर हे मध्यरात्रीनंतर जायचे. नवी टेप महाग, तर दुसऱ्यानं वापरून टाकलेली टेप घ्यायचे आणि तिच्यावरच वाजवायचे. तबकडीवर गाणी ज्या क्रमानं येणार त्याच क्रमानं वाजवायची, म्हणजे मागनं कापाजोडीचा खर्च नको. तालीम आधीच पक्की, म्हणून हे जमायचं. या काटकसरीला त्यांचा शब्द होता 'इकॉनो'. अभिमानानं म्हणायचे, रडून नाही.

१९८३च्या नोव्हेंबरात त्यांचा एक अख्खा आल्बम रेकॉर्ड करून झाला होता. तेवढ्यात कळलं, हस्कर डू या दोस्त बँडनं दोन तबकड्यांचा आल्बम केलाय. च्यायला, मग आपण का नाही? आणखी गाणी लिहिली, परत स्टुडिओत गेले. १९८४ साली 'डबल निकल्स ऑन द डाइम' आला. चाळिसाच्या वर गाणी, रेकॉर्डिंगचा खर्च ११०० डॉलर. इथन जेम्सनं आठ ट्रॅकच्या मशीनवर एका रात्रीत मिक्सिंग केलं. तिघांनी एकेक बाजू आपापल्या मर्जीनं लावली. चौथीवर उरलीसुरली गाणी, तिचं नाव 'चॅफ', म्हणजे फोलपट. माल उतरल्यावर धक्का झाडणाऱ्याला हे नाव पटकन कळतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. बून गिटारचा आवाज मुद्दाम पातळ, टोकदार ठेवायचा. खालचा जाड आवाज वॉटच्या बेसला मोकळा. कुणी कुणाच्या अंगावर चढायचं नाही. हे त्यांचं राजकारणच होतं, फक्त भाषणात नव्हतं, वाजवण्यात होतं.

२२ डिसेंबर १९८५ला अ‍ॅरिझोनात गाडीच्या अपघातात बून गेला. २७ वर्षांचा. बँड तिथंच संपला.

आता आमचं. गेल्या साली आम्ही पाच जण पैसे काढून एका स्टुडिओत गेलो. नाव घेत नाही. गाणं संपवायचं कुठं, यावर तिथंच भांडलो. दोन तास फुकट. मग मशीनवरचा माणूस माझे उच्चार सुधारायला बसला.

"पाणी म्हण, पाणी. पानी नाही."

लिहिताना मी 'ण' काढतो, शाळेनं शिकवलाय. पण माझी आय पानीच म्हणायची, गाण्यात पानीच होतं. तरी मी सुधारून गायलो. का? घड्याळ चाललं होतं, भाडं चढत होतं, चौघं माझ्या तोंडाकडं बघत होते. ती फाइल फोनमध्ये पडून आहे. कुणाला ऐकवत नाही. त्यात मी नाही.

आता पाच गाण्यांचा क्रम खोलीच्या भिंतीवर खडूनं लिहिलाय. दुसरी पाळी सुटली की तालीम. फोनवर रेकॉर्ड करतो, ऐकतो, शिव्या घालतो, पुसतो, परत वाजवतो. सगळ्या गाण्यांचे शेवट पाठ झाल्याशिवाय स्टुडिओत पाय ठेवायचा नाही. आणि मशीनवर बसेल त्याला पैसे द्यायच्या आधीच सांगायचं, पानी.