पाव तास



शांतीनगरात कोणासही विचारावे, तर उत्तर एकच : वेळ नाही. पहाटेच्या लोकलने चर्चगेट गाठावयास तासाहून अधिक जातो, परतावयास तितकाच. हे श्रम आम्ही जाणतो. परंतु या महोत्सवदिनी आम्हांस आपलाच दोष कबूल केला पाहिजे. गेल्या पावसाळ्यात आपल्या समूहातील एक वृद्ध माता अकरा दिवस अंथरुणास खिळून होती. तिच्या दारावरून आम्ही रोज गेलो. उत्सवाच्या तयारीची घाई होती, म्हणून थांबलो नाही. प्रभूच्या कामाची सबब सांगून प्रभूसच दाराआड विसरलो !

फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. साष्टीतील धर्मकार्याचा भार वाहतच त्यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचिले. ते १६१६ साली छापले गेले. एवढा ग्रंथ ओवीओवीनेच पुरा झाला. आपल्या भाईंदरच्या मिठागरांतही मीठ एका दिवसात पिकत नाही. खाडीचे पाणी उथळ वाफ्यांत रोज थोडथोडे आटते.

तेव्हा आपल्या लहानशा समूहाने मोठे व्रत घेऊ नये. रोज पाव तास राखावा : घरी एक प्रार्थना, आणि एका शेजाऱ्याच्या दारावर एक थाप. आज मिस्सेनंतर आम्ही प्रथम त्या मातेच्या दारी जाणार आहो.