लंगडणारीं पाखरें

इ. स. १६१२ मध्यें गोव्यास पाठविलेल्या मुकर्रबखानानें बादशहा जहांगिरासाठीं ज्या अपूर्व चिजा आणल्या, त्यांत एक टर्की पक्षी होता. त्याच्या डोक्यामानेचे रंग घटकेघटकेस पालटतात, याचें बादशहास इतकें नवल वाटलें कीं, त्यानें आपल्या आत्मवृत्तांत त्याचें वर्णन लिहून ठेविलें. मन्सूरनें काढलेलें त्याचें चित्र आजही लंडनच्या वस्तुसंग्रहालयांत आहे. तथापि हा पाहुणा महाराष्ट्रांत फारसा रुळला नाहीं. रुळली ती त्याची दूरची बहीण कोंबडी. व्यंकटेश्वरा हॅचरीजसारख्या संस्थेचें मुख्य ठाणेंच पुण्यास आहे. या दोन्ही पक्ष्यांस सारखाच छळणारा एक विकार आहे, तो सांधे सुजून पाय लुळे पडण्याचा.

मांसासाठीं वाढविलेलें पाखरूं थोड्या आठवड्यांत भराभर वजन घेतें आणि तें सारें दोन पायांवर पडतें. (कोंबडीच्या ज्या सांध्यास लोक गुडघा समजतात, तो वस्तुतः घोटा होय, खरा गुडघा पिसांत झांकलेला असतो.) रिओव्हायरस नांवाचा विषाणु या घोट्यावरील कंडरांत शिरला म्हणजे त्या सुजतात, ताठरतात आणि कधीं भारानें तुटतात, आंत रक्त सांकळून कातडी हिरवट दिसूं लागते. पाखरूं बसून राहतें. दाणापाणी हातभर अंतरावर असतें, पण तेथवर जाववत नाहीं. पुष्कळदां त्याचा अंत भुकेनें व तहानेनेंच होतो.

या कुळाचें नामकरण १९५९ सालीं आल्बर्ट सेबिन यांनीं केलें. श्वासमार्ग, आंतडें व पोरका या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें त्यांत आहेत. पोरका अशासाठीं कीं, निश्चित असा रोग तेव्हां त्याच्या नांवावर नव्हता. पुढें तो पुरेपूर मिळाला! २०११ च्या सुमारास अमेरिकेंतील मिनेसोटा संस्थानांत तीन-चार महिन्यांचे टर्की नर लंगडूं लागले, तेव्हां त्यांच्याही कंडरांत हाच विषाणु सांपडला.

खरी अडचण निदानाची. मायकोप्लाझ्मा व स्टॅफिलोकोकस या जीवाणूंनींही सांधे असेच सुजतात. त्यांवर प्रतिजैविकांचा कांहीं उपयोग होतो; विषाणूवर मुळींच नाहीं. घाबरलेला पालक मात्र पाण्यांत औषध कालवून मोकळा होतो. पैसा जातो, रोग राहतो, आणि औषधास न जुमानणारे जीवाणु तेवढे वाढतात. मेलेलें पाखरूं औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे तपासणीस नेण्याचा खर्च त्या मानानें क्षुल्लकच. पशुरोगांच्या शास्त्रीय संशोधनासाठीं इम्पीरियल बॅक्टीरिऑलॉजिकल लॅबोरेटरी ९ डिसेंबर १८८९ रोजीं पुण्यांतच सुरू झाली होती, हें येथें आठवतें. ती १८९३ मध्यें मुक्तेश्वरास गेली.

रिओव्हायरस विष्ठेंतून पसरतो, आणि आईच्या अंड्यांतूनही पिलांत उतरतो. म्हणून लस मुख्यतः अंडीं देणाऱ्या माद्यांस टोंचतात. तिनें निर्माण झालेलें संरक्षण बलकाच्या वाटेनें पिलांस मिळतें व पहिले धोक्याचे आठवडे पार पडतात. परंतु विषाणु रूप पालटतो, आणि मग जुनी लस लागू पडेनाशी होते. टर्कीच्या बाबतींत पुष्कळदां रोगी कळपांतीलच विषाणु मारून त्याची लस करावी लागते, आणि ती तयार होईपर्यंत तो कळप तर हातचा गेलेला असतो.