कडी आतून

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी, दुपारी तीन ते रात्री आठ एवढ्या वेळात, आम्ही पाच जणांनी मिळून एक सरदार घराणं उभं केलं. त्याला किल्ला होता, शेकडो वर्षांचा इतिहास होता, वारस होते, बदनामीही होती. साहित्य म्हणाल तर सात फासे, एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, कागद, पेन्सिली आणि मधून मधून कडक भाकरी-शेंगाचटणी. जागा, सोलापुरातल्या आमच्या घराची ओसरी.

माझा मुलगा पुण्यात संगणकाचं काम करतो. सुट्टीत येताना एक मित्र आणि एक मैत्रीण घेऊन आला. माझी भाची, म्हणजे आपाची मुलगी, शेजारच्याच गल्लीत राहते, तीही आली. खेळाला पाचवा माणूस हवा होता. मुलगा म्हणाला, "अब्बा, यात शब्द लागतात. तुम्ही बसा." मी बी. ए. मराठीचा, उमेदीत बखरी आणि कैफियती वाचलेला, कविता लिहिणारा. एवढ्या पात्रतेवर मला घराण्यात घेतलं.

हा खेळ काय आहे ते थोडक्यात सांगतो. यात सोंगट्या घरी न्यायच्या नसतात आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. एक जण सूत्रधार असतो. बाकीच्यांनी एकेका पात्राचं सोंग घ्यायचं, आपलं पात्र काय करतं ते तोंडानं सांगायचं, आणि जिथं काय होईल याची खात्री नाही तिथं फासे टाकायचे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघा अमेरिकनांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला आणि या खेळांची जात सुरू झाली. तेव्हा सगळा मामला तळघरं, राक्षस आणि खजिन्याचा. पुढे ग्रेग स्टॅफर्ड यांच्या १९८५ सालच्या 'पेंड्रॅगन'मध्ये खेळाडूचा सरदार म्हातारा होऊन मरू लागला आणि खेळाडूनं त्याच्या वारसाला घेऊन खेळ पुढे चालवायचा, अशी रीत आली. आम्ही खेळलो तो खेळ जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. त्यातली पहिली कादंबरी १९९६ सालची. तिच्यावरून निघालेली टीव्ही मालिका २०११ ते २०१९ या काळात जगभर गाजली. ग्रीन रोनिन नावाच्या अमेरिकी प्रकाशनानं हा खेळ मालिकेच्याही आधी, २००९ साली काढला होता.

मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. इथं माणूस आधी जन्मत नाही, घराणं आधी जन्मतं. आणि ते सगळ्यांनी मिळून घडवायचं. तुमचं पात्र सरदाराचा मुलगा असो, पदरचा शिपाई असो की वैद्य, सगळे एकाच घराण्याचे. ते घराणं ठरेपर्यंत तुम्ही कोण हे तुम्हालाच ठाऊक नसतं. आपलंही तसंच असतं म्हणा.

घराण्याचे सात आकडे असतात. मराठीत मी त्यांना संरक्षण, वजन, जमीन, कायदा, वस्ती, फौज आणि पैसा अशी नावं दिली, ती मुलांनी मान्य केली. 'वजन' म्हणजे दरबारात आपल्या शब्दाला असलेलं वजन. प्रत्येक आकड्यासाठी सात फासे टाकून बेरीज करायची. कमीत कमी ७, जास्तीत जास्त ४२. फासे आळीपाळीनं टाकायचे, म्हणजे घराण्याच्या गरिबीचं खापर एकट्यावर फुटत नाही. मग मुलूख निवडायचा. आम्ही थंडगार उत्तर निवडली. तिथं जमिनीचा आकडा वाढतो, पण कायदा, वस्ती आणि पैसा घटतात. सगळी वजाबाकी होऊन आमचा कायदा उरला ९. मुलगा म्हणाला, "म्हणजे आपल्या रस्त्यांवर दरोडेखोर असणार." बार्शीचा मित्र म्हणाला, "म्हणजे आपलं गावच की!"

संरक्षणाच्या आकड्यातून किल्ला घेता येतो. आमचे ३१ होते, ३० देऊन लहानसा किल्ला घेतला. फौजेतून शिपाई घ्यायचे, पैशातून बाजार नाहीतर खाण. कायदा आणि वस्ती या दोन आकड्यांतून मात्र काहीच विकत घेता येत नाही. ते नुसते असतात, आणि घराण्याचं पुढचं नशीब बरं की वाईट हे त्यांच्यावर हलत राहतं. रयतेला मोडून किल्ला बांधता येत नाही, हे त्या अमेरिकी पुस्तकानं न बोलता सांगितलं होतं. मी तिथं थांबून चहा मागवला.

त्यानंतर इतिहास. घराणं किती जुनं हे एक फासा सांगतो. मग त्याच्या आयुष्यात घडलेल्या मोठ्या घटना, एकेक घटना तीन फाशांवर. ३ पडले तर सर्वनाश, १८ पडले तर घबाड. हे दोन्ही फार क्वचित, २१६ वेळांत एकेकदा. सगळ्यांत जास्त वेळा पडतात १० आणि ११. पुस्तकात १० ला ऱ्हास आहे आणि ११ ला बांधकाम. म्हणजे बहुतेक घराणी काय करतात, तर थोडं बांधतात आणि थोडी खचतात. हा तक्ता करणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात सलाम केला.

आमचा पहिला आकडा पडला ९. विश्वासघात.

पहिल्या घटनेचं महत्त्व निराळं असतं, कारण तिच्यातूनच घराणं जन्मतं. म्हणजे आमचा मूळ पुरुष विश्वासघात करून सरदार झालेला. मैत्रीण म्हणाली, पुन्हा टाकू या. मित्र म्हणाला, विश्वासघात दुसऱ्यानं केला आणि आपण तो उघडकीला आणला, असं करू या. श्रोतेहो, मला हसू आलं. आपल्याकडच्या कैफियती मी वाचल्या आहेत. वतनाचा हक्क सांगण्यासाठी लिहिलेल्या त्या कागदांत मूळ पुरुष नेहमी शूर, इमानी आणि धन्याच्या मर्जीतला. आम्हा मुसलमानांतही शजरे असतात, म्हणजे वंशावळी. माझ्या वडिलांच्या वडिलांनी कुणाकडून तरी एक लिहून घेतला होता. त्यात आमचं मूळ थेट बुखाऱ्यापर्यंत जातं. खरं तर आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजणारे, गाद्या भरणारे. बुखाऱ्याहून कुणी धनुकली घेऊन सोलापूरला येईल असं मला वाटत नाही. पण एका माणसानं एकट्यानं, पैसे घेऊन लिहिलेल्या इतिहासात ९ पडतच नाही.

इथं पडले होते, आणि सूत्रधार असलेला माझा मुलगा हटून बसला. त्याचा नियम होता, कुणी सांगितलेलं पुसायचं नाही, त्यात भर घालायची. मग भर पडू लागली. मित्रानं किल्ल्याला वेढा घातला. मैत्रिणीनं त्याला नऊ महिने लांबवलं आणि आत उपासमार घातली. मी म्हणालो, किल्ला फुटला नाही, दरवाजाची कडी आतून उघडली गेली. ज्यानं उघडली त्याला शत्रूनं तोच किल्ला इनाम दिला. तोच आपला मूळ पुरुष. सगळे खूश झाले. गोष्ट जमली असं मलाही वाटलं.

भाची इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "पण किल्ला होता कुणाचा?"

कुणी काही बोललं नाही.

"त्याच्या बहिणीचा होता," ती म्हणाली. "ती थोरली होती. बापानं तिच्या नावे केला होता. त्यानं तिच्याविरुद्ध कडी काढली. आणि नंतर लोकांना सांगितलं की तिनं आपण होऊन दिला."

मुलानं ते लिहून घेतलं. नियमच होता.

ते ऐकून मी का गप्प झालो हे तिथं दोघांनाच कळलं असेल, तिला आणि मला. आमचे अब्बा २००३ साली गेले. घर त्यांच्या नावावर होतं. आमच्या शरियतीत मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा. निम्मा असेल, पण हिस्सा आहे, आणि तो कुणाच्या मेहेरबानीवर नाही. प्रत्यक्षात आपानं हक्कसोडपत्र लिहून दिलं. निबंधकाच्या कचेरीत मीच तिला रिक्षातून नेलं. तिनं सही केली, मी तिला साडी घेतली, आम्ही दोघांनी बाहेर उसाचा रस प्यायला. भावाला नाही म्हणून कुठं जायचं, माहेर तुटेल, असं ती म्हणाली नाही. तिला म्हणावं लागलं नाही, कारण ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पुढे माझ्या एका कवितेत मायाळू बहीण आली. लोकांना ती कविता आवडते.

खेळ पुढे गेला. दुसऱ्या घटनेला ११ पडले, नदीवर पूल बांधला. तिसरीला ऱ्हास. चौथीला १५, म्हणजे घराण्यात एक नामचीन दुष्ट निपजला. त्याच्यावर मुलांनी तासभर घालवला आणि त्याला इतका दुष्ट केला की माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. तो भाग सोडून देतो.

मग वारस आले. पुस्तकात वारससुद्धा गुण मोजून घ्यावे लागतात, 'वजना'च्या आकड्यातून. थोरल्या मुलाला २० गुण, थोरल्या मुलीला १०. मैत्रीण चिडली, पण पुस्तकाचं म्हणणं मला समजलं. ते मुलीची किंमत करत नव्हतं, त्या दुनियेची वागणूक मोजत होतं. ज्या समाजात मुलगा असण्यानं दरबारात वजन पडतं, तिथं मुलगा महाग. भाचीनं पेन्सिल उचलली आणि २० गुणांची ओळ खोडली. "आपल्याकडे मुलगा नाही," ती म्हणाली. "एक मुलगी, १० गुण. उरलेले १० दरबारात राहू देत. तिला लागतील." हिशेबाला ही चाल पक्की होती. गोष्टीला त्याहून पक्की, कारण ज्या घराण्याची सुरुवात बहिणीचा किल्ला घेण्यानं झाली, त्याची सगळी दौलत आता एका मुलीकडे जाणार होती, आणि दुष्टाची औलाद ते कसं चालू देईल?

शेवटी निशाणी आणि ब्रीद. इथं कवीला काम होतं. निशाणीसाठी मित्राला लांडगा हवा होता. पण तो मार्टिननी आधीच एका घराण्याला देऊन टाकलाय. ससाणा, अस्वल, तलवार असं सगळं झालं. मला आपल्याकडचे महजर आठवले. वतनाच्या तंट्यात गोतसभा बसायची आणि निवाड्याच्या कागदावर सगळ्यांची साक्ष पडायची. पाटलाची निशाणी नांगर. ज्याच्या हातात जे असेल ते त्याचं चिन्ह. मी म्हणालो, आपल्या मूळ पुरुषाच्या हातात काय होतं? कडी. ढालीवर कडी काढा. ब्रीदासाठी मी सात शब्दांची ओळ केली होती, यमक वगैरे साधलेली. मुलांनी ती शांतपणे ऐकली आणि छाटत छाटत दोन शब्दांवर आणली. 'कडी आतून.' बाहेरच्याला वाटावं, काय सावध घराणं आहे, दरवाजे बंद करून बसतं. घरातल्यांना ठाऊक, कडी कुणी आणि कुणाविरुद्ध काढली. माझी सात शब्दांची ओळ गेल्याचं वाईट वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. घराण्याचं नाव त्यांनी इंग्रजीच ठेवलं. ते माझ्या जिभेवर नीट बसत नाही, म्हणून सांगत नाही.

रात्री आठला सगळे उठले. पुढच्या वेळी पात्रं करायची आणि खेळ खरा सुरू करायचा असं ठरलं. भाची चपला घालताना म्हणाली, "मामू, तुम्ही कोण होणार?" मी म्हणालो, "किल्ल्याचा म्हातारा कारकून." ती म्हणाली, "मग कागदपत्रं तुमच्याकडेच असतील."

त्या आठवड्यात मी कपाटातून २००३ चा कागद काढला आणि ओळखीच्या वकिलांना दाखवला. ते म्हणाले, नोंदवलेलं हक्कसोडपत्र आता असं मागे फिरत नाही, पण तुम्हाला बहिणीला काही द्यायचं असेल तर तुम्ही बक्षीसपत्र करू शकता. मी म्हणालो, बक्षीस हा शब्द बरोबर नाही. ते म्हणाले, कायद्यात हाच आहे.

आपाकडे गेलो. खेळाचा सगळा किस्सा सांगितला, अगदी मूळ पुरुषापासून. ती तांदूळ निवडत होती. मुलगी असं बोलली का, एवढंच विचारलं आणि हसली. मग मी घराचं काढलं. ती बराच वेळ तांदूळच निवडत राहिली. तिचं वय झालंय, घर आहे, मुलगा कमावतो. मला वाटलं, नको म्हणेल, आणि खरं सांगतो, मला क्षणभर हायसं वाटायला लागलं होतं.

ती म्हणाली, "मागची खोली. अम्मी निजायची ती."

त्या खोलीत माझी पुस्तकं आहेत. ती हलवायला काढली आहेत.