अर्ध्यावर सुटणारे उपचार आणि डॉ. रवी कन्नन

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्याच्या विषयावर बोलण्यासाठी कार्यकर्त्यांनी माझे नाव सुचविले, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि पोटासाठी बँकेत कारकुनी करतो. त्यामुळे आज मी रोगाविषयी थोडे आणि एका माणसाच्या कामाविषयी जास्त सांगणार आहे. त्या माणसाचे नाव डॉ. रवी कन्नन. ते कर्करोगाचे शल्यविशारद आहेत. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२३ साली मॅगसेसे पुरस्कार. परंतु पुरस्कार मिळाले म्हणून मी त्यांची निवड केलेली नाही. गरीब माणसाचा उपचार अर्ध्यावर का सुटतो, हा प्रश्न त्यांनी ज्या तऱ्हेने हाताळला, ती तऱ्हा आपल्या वस्त्यांना उपयोगी पडणारी आहे, म्हणून त्यांच्याविषयी बोलतो.

प्रथम ते कोठून आले ते पाहू. चेन्नईच्या अड्यार भागात कॅन्सर इन्स्टिट्यूट नावाची संस्था आहे. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या प्रयत्नांतून ती १९५४ साली अवघ्या १२ खाटांवर सुरू झाली. या बाई मद्रास विधान परिषदेच्या पहिल्या महिला सदस्य. देवदासीची प्रथा कायद्याने बंद व्हावी म्हणून त्या वर्षानुवर्षे झगडल्या. त्यांची धाकटी बहीण कर्करोगाने गेली आणि तेव्हापासून या रोगासाठी वेगळे रुग्णालय उभारण्याचा त्यांनी ध्यास घेतला. त्यांचे चिरंजीव डॉ. एस. कृष्णमूर्ती शल्यविशारद होते आणि त्यांच्या जोडीला डॉ. व्ही. शांता. सुरुवातीला हे दोनच डॉक्टर. शांताबाई २०२१ साली वारल्या. अखेरपर्यंत त्या संस्थेच्या आवारातच राहत होत्या. पैसे नाहीत म्हणून रोग्याला दारातून परत पाठवायचे नाही, ही त्या संस्थेची शिस्त. डॉ. कन्नन याच संस्थेत शल्य विभागाचे प्रमुख होते. नाव होते, काम होते, घर गावातच होते.

आता सिलचरकडे येऊ. आसामच्या दक्षिण टोकाला बराक नदीच्या काठी हे शहर आहे. भोवती भातशेती आणि चहाचे मळे. बहुतेक लोक बंगाली बोलतात. गुवाहाटी तेथून तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आणि मध्ये डोंगर. पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद. ब्रॉडगेज रेल्वे तेथे पोहोचली तीसुद्धा २०१५ साली. देशात ज्या ज्या ठिकाणी कर्करोगाची रीतसर नोंदणी होते, त्यांचा राष्ट्रीय अहवाल २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांमध्ये मिझोरामचा ऐझॉल जिल्हा आणि स्त्रियांमध्ये अरुणाचलचा पापुम पारे जिल्हा सर्वांत वर होता. दोन्ही ठिकाणे ईशान्येतलीच. तंबाखू आणि सुपारी चघळण्याची सवय त्या भागात घरोघर आहे.

अशा ठिकाणी स्थानिक नागरिकांनी एकत्र येऊन सोसायटी काढली, देणग्या जमविल्या आणि १९९६ साली कछार कॅन्सर हॉस्पिटल सुरू केले. सरकारची वाट न पाहता लोकांनी उभे केलेले हे रुग्णालय. इमारत झाली, परंतु कर्करोगाचा तज्ज्ञ त्या बाजूला टिकून राहणे कठीण. २००६ साली एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून डॉ. कन्नन सल्ला देण्यासाठी तेथे गेले. येथेच या, रुग्णालयाची धुरा घ्या, अशी विनंती त्यांना झाली. २००७ साली पत्नी आणि लहान मुलगी यांना घेऊन ते सिलचरला राहायला गेले. त्या वेळी रुग्णालयात सगळे मिळून २३ कर्मचारी होते.

बंधू-भगिनींनो, येथवरची कथा त्यागाची आहे आणि तशा कथा आपण पुष्कळ ऐकतो. माझ्या मते खरी गोष्ट यापुढे आहे.

डॉ. कन्नन यांच्या हाती उत्तम शस्त्रक्रिया होती. परंतु रोगी येई, तपासणी होई, उपचार सुरू होई आणि मग तो येईनासा होई. शंभरांतले केवळ २८ जण उपचार पुरा करीत. याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. कर्करोगाचा उपचार एका दिवसाचा नसतो. शस्त्रक्रिया झाली की पुष्कळदा किरणोपचार म्हणजे ‘शेक’ द्यावा लागतो. तो आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे पाच-सहा आठवडे चालतो. केमोथेरपीची सलाईन बहुधा तीन-तीन आठवड्यांनी, अशा अनेक खेपा. मध्येच खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. म्हणजे अर्धा उपचार घेतलेल्या माणसाचा पैसाही जातो, त्रासही होतो आणि पुष्कळदा जीवही वाचत नाही.

मग रोगी का येत नव्हते? अडाणी म्हणून? औषधाला भितात म्हणून? असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. डॉ. कन्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे म्हटले नाही. त्यांनी रोग्याच्या घरचा हिशेब पाहिला. येणारे बहुसंख्य लोक रोजंदारीचे, शेतमजूर किंवा चहामळ्यातले कामगार. रोगी आजारी पडला की त्याची मजुरी बुडते. सोबत जो येतो त्याचीही बुडते. म्हणजे घरातल्या दोन मजुऱ्या थांबल्या आणि वर प्रवास, जेवण, राहणे. रुग्णालयाने औषध फुकट दिले तरी हा खर्च उरतोच.

मी बँकेच्या काउंटरवर बसतो, म्हणून मला हे पटकन कळले. मुदत संपण्याआधी ठेव मोडायला माणूस येतो, तेव्हा कारण विचारावे लागत नाही. हातात दवाखान्याची पिशवी असते. सोनेतारण कर्जाच्या रांगेत मंगळसूत्र सोडवायला आलेल्या बाईपेक्षा ठेवायला आलेली बाई जास्त दिसते, ती आजारपणातच. आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही तर शोधल्याशिवाय कोणी घरी जात नाही. रुग्णालयात मात्र आलेल्यांचा आकडा लिहिला जातो. न आलेल्यांचा रकाना सहसा कोरा राहतो. सिलचरच्या मंडळींनी तो रकाना भरला आणि मग एकेक कारण घेऊन त्यावर उपाय शोधला.

उपाय ऐकताना साधे वाटतील. पैसे नसलेल्याला उपचार फुकट किंवा अगदी कमी दरात. रोग्याला आणि सोबतच्या माणसाला राहायची सोय आणि जेवण. शिवाय एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सोबत आलेल्या नातेवाइकाला रुग्णालयातच तात्पुरते काम देण्यात येऊ लागले. दिवसाची मजुरी मिळाली की परत जाण्याची घाई राहत नाही. यात रोग्याचा मान राहतो, कारण घरचा माणूस कष्टाचे पैसे घेत असतो. आणि जे रोगी येऊच शकत नाहीत, त्यांच्या घरी रुग्णालयाची माणसे लांब लांबचा प्रवास करून जातात, औषधे विनामूल्य देतात आणि वेदना कमी कशा करायच्या, शुश्रूषा कशी करायची हे घरच्यांना शिकवितात. बरा होण्याची आशा नसलेल्या माणसालाही वेदनेवाचून शेवटचे दिवस काढण्याचा हक्क आहे, हे त्यामागचे तत्त्व.

याचे फळ काय? उपचार पुरा करणाऱ्यांचे प्रमाण शंभरांत २८ वरून ७० वर गेले. मॅगसेसे पुरस्काराच्या मानपत्रात ही नोंद आहे. त्याच मानपत्रानुसार २०२३ साली रुग्णालयात २८ विभाग आणि ४५१ कर्मचारी होते. वर्षाला सरासरी ५,००० नवे रोगी तेथे फुकट किंवा सवलतीत उपचार घेत होते. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा डॉ. कन्नन यांनी त्याचे श्रेय सहकाऱ्यांना आणि रुग्णालय उभारणाऱ्या लोकांना दिले. हे विनयाचे बोलणे असेल, परंतु खरेही आहे. जेवण रांधणारा, घरोघर जाणारी परिचारिका, नोंदवही ठेवणारा कारकून यांच्यावाचून २८ चे ७० झाले नसते.

जून २०२२ मध्ये सिलचरला मोठा पूर आला आणि रुग्णालयाच्या आवारात पाणी शिरले. केमोथेरपीची तारीख पुढे ढकलणे परवडणारे नव्हते. तेव्हा या मंडळींनी बाहेरच्या रस्त्यावर खुर्च्या टाकून रोग्यांना तपासले आणि काहींना सलाईनही तेथेच लावली. तारीख चुकू द्यायची नाही, ही सवय एकदा अंगवळणी पडली की पुरातही टिकते.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. परळच्या त्या भागातील रस्त्याला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. अर्नेस्ट बोर्जिस गोव्याच्या मातीतले नामांकित कर्करोग शल्यविशारद. म्हणजे शल्यविद्येची आपल्याकडे उणीव नाही. तरीही त्या रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथावर बाडबिस्तरा टाकून राहिलेले रोगी आपण पाहतो. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. अशा रोग्यांना ती आसरा देते. सिलचरने जे शोधून काढले, ते गाडगेबाबांच्या या धर्मशाळेनेही ओळखलेले आहे. आजारी माणसाला औषधाबरोबर निवारा आणि भाकरी लागते.

सरकारी योजना आहेत. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत शस्त्रक्रियेचा, केमोचा, किरणोपचाराचा खर्च निघू शकतो. रेल्वेच्या भाड्यात कर्करोग्याला सवलत आहे. त्यांचा लाभ घेतलाच पाहिजे. परंतु बुडालेली मजुरी कोणती योजना देते? घरी राहिलेल्या मुलांना संध्याकाळी जेवू कोण घालते? हे काम संस्थेचे आहे, शेजाऱ्याचे आहे.

म्हणून माझी आपणास तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, वस्तीत कोणालाही या रोगाचे निदान झाले तर त्याच्यासाठी एक सोबती ठरवावा. त्याने उपचाराच्या सगळ्या तारखा एका वहीत लिहून ठेवाव्यात आणि तारीख चुकली तर त्याच दिवशी घरी जाऊन चौकशी करावी. दुसरी, आपल्या निधीतून मदत देताना केवळ बिल पाहू नये. गाडीभाडे, डबा आणि सोबत्याची मजुरी हाही उपचाराचाच खर्च समजावा. तिसरी विनंती विशेषतः माता-भगिनींना. मिशरी, तंबाखू, गुटखा घरातून घालवा. तोंडातला चट्टा तीन आठवड्यांत बरा झाला नाही, स्तनात गाठ लागली, पाळी बंद झाल्यावर रक्त गेले, तर लाजू नका, लपवू नका. लवकर गेले तर उपचार लहान होतो आणि लहान उपचार पुरा करणे सोपे जाते.

चेन्नईहून सिलचरला जाणे आपल्यापैकी कोणाच्या वाट्याला येणार नाही, शस्त्र हाती धरणे तर नाहीच. परंतु न आलेल्या माणसाची चौकशी करायला पदवी लागत नाही. आपल्या वस्तीतला एकही उपचार पैशावाचून किंवा सोबतीवाचून अर्ध्यावर सुटणार नाही, एवढा निश्चय करून आपण येथून उठू या.