जुनं सीटीपी मशीन घेण्याआधी
(छपाईचं काम करणाऱ्या गटांच्या बैठकीत केलेलं बोलणं)



आपल्या काही गटांचे छापखाने आता बरे चालायला लागलेत. पावतीपुस्तकं, पासबुकं, लग्नपत्रिका, शाळेची प्रगतिपुस्तकं अशी कामं येतात. अडतं ते प्लेटांपाशी. फाइल शहरात पाठवायची, प्लेटा एसटीच्या पार्सलने येणार, त्यातली एखादी वाकलेली निघाली की काम एक दिवस लांबलं. म्हणून, "जुनं सीटीपी स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू का?" असं तुम्ही विचारताय.

ज्या ताई छापखान्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगते. सीटीपी म्हणजे कॉम्प्युटरमधलं पान लेझरने सरळ ॲल्युमिनियमच्या प्लेटवर उमटवणारं मशीन. मधे फिल्म नाही, ट्रेसिंग नाही. रंगीत कामाला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात.

आधी वहीत हिशोब मांडा. आकडे मी समजुतीसाठी धरतेय, तुम्ही तुमचे घाला. बाहेरून प्लेट घेण्याऐवजी घरी केली तर कोरी प्लेट, केमिकल, वीज वजा जाता एका प्लेटमागे 80 रुपये वाचले. महिन्याला 300 प्लेटा, म्हणजे 24,000. चालवणारीचा पगार 10,000 आणि कर्जाचा हप्ता 18,000, म्हणजे 28,000. झाला ना दर महिन्याला 4,000 चा खड्डा? 350 प्लेटा झाल्या तर कुठे बरोबरी, आणि दुरुस्तीचे पैसे अजून धरलेलेच नाहीत. "तालुक्यातले बाकीचे प्रेसवाले आपल्याकडून प्लेटा घेतील," असं कुणी म्हटलं तर विचारा, रोखीने की उधारीने? लग्नसराईतला आकडा धरू नका, आषाढ-श्रावणातला धरा.

हिशोब बसला तर मग मशीन. तीन प्रकार भेटतील. थर्मल, व्हायोलेट आणि साध्या पीएस प्लेटवर चालणारं यूव्ही. प्रत्येकाची प्लेट वेगळी, एकाची दुसऱ्याला चालत नाही. व्हायोलेटला पिवळ्या उजेडाची खोली लागते, आणि त्याच्या प्लेटा आता सहज मिळत नाहीत. जुनं व्हायोलेट फार स्वस्त दिसतं ते त्यामुळेच. माझं मत विचाराल तर नव्याने सुरू करणाऱ्या गटाने त्या वाटेला जाऊ नये. आपल्या भागातला प्लेटवाला कोणती प्लेट कायम ठेवतो ते आधी विचारा, मशीन त्यावरून ठरवा.

माप बघा. आपल्याकडे बहुतेकींचं छोटं ऑफसेट. मशीनला जशी मोठ्यात मोठ्या प्लेटची मर्यादा असते, तशी लहानात लहान प्लेटचीही असते. आपली प्लेट त्यात धरलीच गेली नाही तर काय करणार?

सगळ्यात महाग जीव म्हणजे लेझर. तो किती तास चालला ते बऱ्याच मशीनच्या सर्व्हिस स्क्रीनवर दिसतं. तोंडी आकडा ऐकू नका, स्क्रीन दाखवायला सांगा. काही मशीनमध्ये बरेच डायोड असतात, एखादा गेला तर मशीन कमी वेगाने का होईना चालतं. काहींमध्ये सगळा हेड एकच, तो गेला की पूर्ण बदलायचा. तो खर्च मशीनच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो.

मशीनसोबत काय काय येणार ते बिलावर लिहून घ्या. फाइलचे ठिपके करणारं आरआयपी सॉफ्टवेअर, त्याची डोंगल, म्हणजे पेन ड्राइव्हसारखी दिसणारी किल्ली, जोडलेला जुना कॉम्प्युटर, प्लेट धुणारा प्रोसेसर आणि लागत असेल तर कॉम्प्रेसर. डोंगल नसेल तर लाखाचं मशीन मुकं. प्रोसेसरचे रोलर आणि ब्रश हात लावून बघा. मशीन जड असतं, नेताना ड्रम लॉक करावा लागतो. ते काम आणि आपल्याकडे जोडणी जाणकार इंजिनिअरकडूनच, त्याचे पैसे कोण देणार तेही आधी ठरवा. धूळ येणार नाही अशी एसीची खोली आणि यूपीएस हा खर्च आपलाच. डेव्हलपर क्षाराचा असतो, हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याला हात नाही. वापरलेलं पाणी ओढ्यात किंवा मोरीत सोडायचं नाही.

पैसे सगळे एकदम देऊ नका. थोडे इसारा म्हणून, मोठा भाग आपल्या जागेवर चांगली प्लेट निघाल्यावर. बिलावर मशीनचा नंबर हवा, आणि ठराव गटाच्या बैठकीत इतिवृत्तात लिहून मगच इसार.

बघायला दोघीतिघी जा, त्यात छपाई करणारी एक हवीच. आपलीच फाइल न्या, भिंग न्या. पूर्ण प्लेटभर 50 टक्के टिंट काढायला सांगा, पट्टे दिसले तर समजा गडबड आहे. 2 टक्के आणि 98 टक्क्यांचे ठिपके भिंगातून बघा. चार रंगांच्या प्लेटा काढून खुणा जुळतात का तपासा. तुम्ही पोचायच्या आधीच मशीन चालू करून तापवून ठेवलं असेल तर ते बंद करायला लावा, चहा घ्या, आणि गार झाल्यावर तुमच्यासमोर पुन्हा चालू करायला सांगा.